तो गुलाबी रंग माझा नव्हता

मित्रांनो, माझ्याशी बोलायचे असेल तर आधी थोडे वाका. उभ्या उभ्या वरून बघणाऱ्याला माझा आकडा कधीच बरोबर दिसत नाही. डोळे द्रावणाच्या पातळीसमोर आणा, मग मी काही लपवत नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण माझ्यावर आजवर जे आळ आले ते बहुतेक घाईने बघणाऱ्यांनी घेतलेले आहेत.

मी एक जुनी ब्युरेट आहे. हातभरापेक्षा लांब काचेची नळी, अंगावर बारीक रेघा आणि तळाशी काचेचीच तोटी. प्लोव्दिव शहरातल्या विद्यापीठात रसायनशास्त्राच्या इमारतीत, खिडकीजवळच्या टेबलावर मी स्टँडला उभी असते. रसायन आणि जीवरसायन शिकायला आलेली मुले दुसऱ्या वर्षी माझ्यापाशी टायट्रेशन शिकतात. माझ्यात अल्कली भरायची. खाली शंकुपात्रात एखादा आंबट पदार्थ पाण्यात कालवून ठेवायचा आणि त्यात रंग बदलून खूण देणाऱ्या दर्शकाचे थोडे थेंब टाकायचे. मग तोटी फिरवून मी थेंब थेंब अल्कली सोडते. पदार्थाचा आंबटपणा सरला, की पात्रात फिकट गुलाबी रंग येऊन टिकतो. तिथे तोटी बंद करून माझ्यावरचा आकडा वाचायचा. जितकी अल्कली लागली तितका पदार्थ आंबट. काम सोपे वाटते, पण एक थेंब पुढे गेला की सगळे मुसळ केरात.

माझा जन्म चेक देशातल्या एका काचकारखान्यात झाला. भट्टीतून नळी ओढली, तिच्यावर मेण चढवले, मेणात सुईने रेघा पाडल्या आणि आम्लाने त्या माझ्या अंगावर कोरल्या. तोटी माझ्याच बुडाशी घासून घासून बसवली, म्हणून दुसरीची तोटी मला चालत नाही. मग पेंढ्यात गुंडाळून मला आगगाडीने इकडे पाठवले. पेटी उघडली तेव्हा मला ओरखडासुद्धा आलेला नव्हता. तेव्हापासून मी एकाही थेंबाचा खोटा हिशोब दिलेला नाही. ही बढाई वाटली तर वाटू द्या.

किती हात माझ्या तोटीवर बसले याची गणती मी ठेवलेली नाही. काही हात थरथरायचे, काही फार घाई करायचे. वेल्कोवा नावाच्या एका मुलीचा हात मात्र मला अजून आठवतो. ती थेंब सोडताना स्वतःशीच गुणगुणायची आणि रंग उमटायच्या आधीच तिची बोटे सावध व्हायची. एका उन्हाळ्यात कुणीतरी माझ्यात अल्कली तशीच ठेवून सुट्टीवर गेले आणि माझी तोटी गच्च बसली. सगळे म्हणाले, मोडीत काढा. वेल्कोवाने गरम पाण्यात भिजवलेले फडके माझ्या तोटीला गुंडाळले आणि धीर धरून मला सोडवले. पुढे तीच इथे प्राध्यापक झाली. आता मुले तिला बाई म्हणतात, मीही म्हणते.

मग एक पांढरे यंत्र आले. तेच थेंब सोडते, तेच थांबते आणि पडद्यावर आकडाही तेच दाखवते. मला कपाटात आडवे ठेवले गेले. खूप दिवस मी अंधारात फुटक्या नरसाळ्यांच्या सोबतीने काढले आणि मनातून फार खट्टू झाले. पण बाई पक्क्या होत्या. "बोटांना थेंब कळल्याशिवाय मी कुणालाही यंत्रावर बसू देणार नाही," असे म्हणून त्यांनी मला पुन्हा उभे केले. गेल्या वर्षी माझ्या टेबलावर बिसेरा आली.

बिसेरा रोदोपी डोंगरातल्या एका खेड्यातली. तिची आई मेंढीच्या दुधाचे दही लावते. ते घट्ट का लागते आणि आंबते कसे, हे मुळापासून समजावे म्हणून ही मुलगी जीवरसायन शिकायला आली होती. ती मला आधी पाण्याने आणि मग अल्कलीने विसळायची, पातळीशी वाकून बघायची. हिवाळाभर तिचे आकडे यंत्राच्या आकड्यांशी जुळत होते. तिच्या हातात मला जुन्या दिवसांसारखे वाटायचे.

मार्च उजाडला आणि घात झाला. मार्चला आमच्याकडे मार्ता आजी म्हणतात. ही आजी फार लहरी, म्हणून तिला खूश ठेवायला महिन्याच्या पहिल्या दिवसापासून प्रत्येकाच्या अंगावर लाल-पांढऱ्या लोकरीचा धागा दिसतो. बिसेराच्या डाव्या मनगटाला तिच्या धाकट्या बहिणीने, मिल्काने, घरी रंगवून पाठवलेला धागा होता. त्याला दोन लांब गोंडे होते. मला ते छान वाटले. तोटी डाव्या हाताने धरतात, त्यामुळे गोंडे पात्राच्या अगदी तोंडावर लोंबत होते.

त्याच आठवड्यात प्रात्यक्षिकाची परीक्षा होती. बाईंनी सगळ्यांना एकाच भांड्यातले दही वाटले होते. बिसेराने थेंब सोडायला सुरुवात केली आणि बघता बघता पात्र गुलाबी झाले. फार लवकर झाले. तिने पुन्हा केले, पुन्हा तेच.

"तुझं दही गोड निघालं की काय?" शेजारच्या टेबलावरचा ओग्न्यान म्हणाला. "त्याच भांड्यातलं माझं बघ, दात आंबतील इतकं आंबट आहे."

"तू गप रे. तोंडाला न्याहारीच्या बनित्साचं तूप लागलंय, ते पूस आधी."

"ते पुसतो. पण तुझा आकडा कसा पुसायचा?"

बिसेराच्या कपाळाला घाम आला. तिने हात धुतले, पात्र धुतले आणि पुन्हा माझी तोटी धरली. आता तर आणखी लवकर रंग आला. मला सगळे दिसत होते. मला विसळताना आणि हात धुताना ओल्या झालेल्या गोंड्यातून लालसर पाणी टपकत होते आणि दह्याच्या पांढऱ्या पाण्यात विरघळत होते. पण मला वाचा नाही. मी फक्त आकडा दाखवू शकते, आणि मी खरा आकडाच दाखवत होते.

"बाई, जरा येता का? रंग वेळेआधीच येतोय," बिसेरा म्हणाली. "ब्युरेटमध्येच काही दोष असेल का?"

बाई आल्या. त्यांनी मला उजेडात धरले. "इतकी वर्षं हिच्यात अल्कली भरतोय. काच आतून खाल्ली गेली असणार. नळी रुंद झाली, की रेघ दाखवते त्यापेक्षा जास्त अल्कली खाली जाते."

"मग माझी परीक्षा?"

"काचेचा दोष असेल तर तुझा काय दोष? कपाटात नव्या पडल्यात, त्यातली एक घे आणि पुन्हा कर. हिला जाऊ दे आता."

ज्या हाताने मला एकदा सोडवले होते, त्याच हाताने मला स्टँडवरून काढून खिडकीत ठेवले. खाली फुटक्या काचेची पेटी होती. संध्याकाळी झाडलोट झाली की जे खिडकीत असेल ते पेटीत जाते, हे मला माहीत होते. मित्रांनो, फुटण्याचे मला भय नव्हते, काचेच्या नशिबी फुटणे कधी ना कधी असतेच. पण खोटारडी म्हणून फुटायचे, याचे फार वाईट वाटले. माझ्यात पाणी भरून, सोडलेले पाणी एकदा तराजूवर तोलले असते तरी मी निर्दोष ठरले असते. पण त्या गडबडीत तोलायला वेळ कुणाला होता?

बिसेरा जुने पात्र रिकामे करायला गेली. अल्कली तशीच मोरीत ओतायची नाही, आधी आम्ल घालून ती मारायची, ही आमच्याकडची शिस्त. आम्ल पडले की दर्शकाचा गुलाबी रंग एका क्षणात उडतो, हे शाळकरी पोरालाही ठाऊक असते. तिने आम्लाचे थेंब टाकले. रंग उडाला नाही. आणखी टाकले, तरी तो तसाच. ती पात्राकडे बघत राहिली. मग तिने मनगट वर केले. गोंड्याची पांढरी लोकर गुलाबी झाली होती.

तिने गोंडा स्वच्छ पाण्यात बुडवला. पाणी हळूहळू गुलाबी झाले.

ओग्न्यान मागे येऊन उभा होता. "अगं बाई," तो हळूच म्हणाला. "मिल्काने रंग पक्का केला नाही वाटतं."

"मीच ब्युरेटवर आळ घेतला."

"बरं मग? धागा बाहीत खोच, नवीन ब्युरेट घे आणि मोकळी हो. ती जुनी नळी काही तक्रार करायला यायची नाही."

बिसेराने हातातला गोंडा पिळला. तिने खिडकीकडे पाहिले. खरे सांगते, त्या वेळी मी तिच्याकडे नुसती टक लावून होते. गप्प राहिली असती तर तिला सहा मिळाले असते, आणि आमच्याकडे सहाच्या वर गुण नाहीत. खरे बोलली तर पहिला चुकीचा आकडाच कायम होणार होता.

तिने आम्ल घातलेले ते गुलाबी पात्र उचलले आणि ती सरळ बाईंच्या टेबलाशी गेली.

"बाई, ब्युरेट चांगली आहे. रंग माझ्या धाग्याचा होता. आम्ल घातलं तरी जात नाही, बघा."

बाईंनी पात्र हलवून पाहिले. "धागा काढून ठेवायचा होतास."

"कसा काढणार, बाई? करकोचा दिसेपर्यंत काढायचा नाही, असं मिल्काला वचन दिलंय. पण बाहीत खोचायला हवा होता, ते मला सुचलं नाही."

बाईंनी आपल्या कोटाच्या कॉलरला पिनेने लावलेल्या लाल-पांढऱ्या गोंड्यावरून बोट फिरवले. "मग आता गुण कसे द्यायचे मी तुला?"

"नियमाप्रमाणे द्या."

"तीन मिळतील. जेमतेम पास."

"मिळू देत."

बाईंनी कागदावर तीन लिहिले. मग त्या उठल्या, खिडकीपाशी आल्या आणि त्यांनी मला दोन्ही हातांनी उचलले. "चुकलंच माझं," त्या पुटपुटल्या. ते फक्त मलाच ऐकू आले. मोठ्याने त्या बिसेराला म्हणाल्या, "ही परत लाव. आणि पुन्हा एकदा कर. गुणांसाठी नाही, हिच्यासाठी."

बिसेराने धागा बाहीत खोचला आणि वरून रबर लावले. मी थेंब सोडू लागले. सगळा वर्ग माझ्याभोवती गोळा झाला होता, तो बनित्सावाला ओग्न्यानही. शेवटी एक थेंब पडला, गुलाबी रंग आला आणि राहिला. बिसेराने वाकून आकडा वाचला. बाईंनी यंत्राचा आकडा वाचला. दोन्ही एकच होते. पोरांनी टाळ्या वाजवल्या, आणि माझी छाती फुगली असती, पण फुगणे काचेला परवडत नाही.

मित्रांनो, माझी फार मोठी मागणी नाही. काम झाले की मला धुवा. सुट्टीवर जाताना माझ्यात काही ठेवू नका, तोटी सैल करून ठेवा. आणि काही चुकलेच तर आम्हा मुक्या वस्तूंना मोडीत काढण्याआधी एकदा आपल्या हाताकडे बघा.

मार्च संपता संपता करकोचे आले. ज्याला करकोचा दिसतो तो आपला धागा मोहरलेल्या झाडाला बांधतो. आवारातला बदाम लाल-पांढऱ्या धाग्यांनी भरून गेला होता. बिसेरा मात्र धागा घेऊन वर आली. तिने तो धुऊन धुऊन त्याचा सगळा कच्चा रंग काढला होता. माझ्या स्टँडला, माझ्या शेवटच्या रेघेच्या उंचीवर, तिने तो घट्ट बांधला.

तो अजून तिथेच आहे. नवीन मुले येतात आणि हे काय म्हणून तो बघायला वाकतात. एकदा वाकलीच की मग माझा आकडाही त्यांना बरोबर दिसतो.