घरकामाची सरासरी

अर्थशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला संख्याशास्त्र आलं आणि लेकीच्या नाकी नऊ आले. सरांनी खऱ्या आकड्यांवर सरासरी काढून आणायला सांगितली होती. कॉलेजातून आल्यावर दारोदार हिंडायचं त्राण कुणाला? तिने घरातल्याच माणसांचे घरकामाचे तास घेतले. आईचे रोजचे आठ झाले. बाबांचं शून्य, दादाचं शून्य. स्वतःचं शून्य लिहिताना मात्र तिचं पेन जरा घुटमळलं.

“सरासरी माणशी दोन तास,” तिने जांभई देत वाचून दाखवलं.

पेपरामागून बाबा खूश झाले. “बघा, आपल्या घरात प्रत्येक जण राबतो! उगाच कुणाच्या नावाने खडे फोडायला नकोत.”

“तरीच मी एवढा दमतो,” सोफ्यावर लोळत दादा म्हणाला.

लेकीने भागाकार पुन्हा करून पाहिला. गणित तर बरोबर होतं. चूक दाखवणार कुठे?

मोरीत भांडी घासणाऱ्या आईने नळ बंद केला आणि साबणाचे हात पुसले.

“माझे दोन तास सकाळीच भरले गं,” ती म्हणाली. “ही भांडी कुणाच्या वाट्याची, तेवढं वहीत बघ. मी जरा पडते.”