डाव्या पायाची ओढ

मी रबरी पट्टा बोलतोय. हिरवा, चार बोटं रुंद, व्यायामाचा. ताणलं जाण्यासाठीच माझा जन्म, म्हणून कोणाच्या पायात किती दम आहे ते मला लगेच कळतं. पण नुसतं कळून काय उपयोग? तोंड कुठंय मला!

फिजिओबाईंनी मला मोठ्या गुंडाळीतून कापलं आणि भिंगरीच्या हाती दिलं. भिंगरी हे वडिलांनी ठेवलेलं लाडाचं नाव. पोरगी एकोणीस वर्षांची, पायात स्की चढवल्या की बर्फावर नुसती भिरभिरायची. गेल्या हिवाळ्यात एका वळणावर डावा गुडघा पिरगळला आणि ऑपरेशन करावं लागलं.

बाईंनी बजावलं होतं, "पुढून मांडी भरली म्हणून हुरळून जाऊ नकोस. गुडघ्याला आवरून धरायला मागचे स्नायूही तेवढेच लागतात. डावा पाय उजव्याइतका ओढेपर्यंत उतारावर जायचं नाही."

तेव्हापासून माझं एक टोक पलंगाच्या पायाला आणि दुसरं तिच्या घोट्याला. पालथी पडून ती टाच मागे ओढायची आणि मोठ्याने आकडे म्हणायची. वडील स्वयंपाकघरात चहा करता करता ऐकायचे. उजवा तीस, डावा तीस. त्यांचा जीव भांड्यात पडायचा.

पण डाव्याची पाळी आली की ही बया गुपचूप वीतभर पलंगाकडे सरकायची. मी ढिला पडायचो. आकडा तोच, ओढ निम्मी! पहिल्या दिवशी दुखलं म्हणून सरकली, मग अंगवळणीच पडलं. बाईंकडची तपासणीही तिने "शर्यतीनंतर जाऊ" म्हणत टाळली.

आज स्कीच्या संघासाठी निवडीची शर्यत आहे. सकाळी खालचे स्कीचे बूट काढायला पलंग सरकवला आणि माझं टोक सुटलं, म्हणून वडील म्हणाले, "आण, आज मीच धरतो टोक."

उजव्या पायाने असा हिसका दिला की ते हसले. "अगं, मलाच ओढून नेशील!"

मग डावा. या वेळी सरकून उपयोग नव्हता, वडिलांनी मला ताणूनच धरलं होतं. आठ, नऊ, दहा. अकराव्याला टाच थरथरली आणि धपकन खाली आली. मी त्यांच्या मुठीत होतो. त्या मुठीला घाम फुटला.

भिंगरीने मान वळवली. "बाबा, ठीक आहे ना? वर्षभर वाट पाहिलीय हो मी."

त्यांनी माझं टोक सोडून दिलं. मग म्हणाले, "ठीक आहे. चल, उशीर होतोय."

आता मी जमिनीवर पडलोय. बाहेर गाडीच्या टपावर स्की बांधताहेत. बाबा, पोरीचं मन मोडायला घाबरलात ना? मन पुन्हा सांधता येईल हो. गुडघा दुसऱ्यांदा गेला तर काय कराल? गाडी अजून सुरू झालेली नाही. मी पाया पडतो तुमच्या, तिला थांबवा. काहीतरी बोला!