तीन ब्रेक आणि मोज्यांचा एक जोड

मित्रांनो, मी एक जुनी सायकल आहे. नीट मोजलं तर दीड सायकल. मला सिटा दोन, हँडलं दोन, पेडलांच्या जोड्या दोन, चाकं मात्र इतर सायकलींसारखी दोनच. रस्त्यावरची मुलं मला पाहून आधी हसतात आणि मग 'एक चक्कर द्या ना' म्हणतात. दोन्हींची मला सवय आहे.

माझा जन्म एका वेल्डरच्या दुकानात झाला. त्याच्याकडे दोन मोडक्या सायकली पडून होत्या. एकीने विजेच्या खांबाला समोरून मिठी मारली होती, दुसरीला ट्रकने मागून आशीर्वाद दिला होता. वेल्डरने पहिलीची पाठ आणि दुसरीचं तोंड जोडलं, मध्ये एक जाड नळी घातली आणि मी झाले. त्यामुळे माझं वय कुणी विचारलं की मला विचारावं लागतं, पुढून की मागून?

पहिली काही वर्षं मी बेकरीवाल्या दोन भावांकडे पाव पोचवले. ते माझी साखळी दर रविवारी पुसायचे आणि येणाऱ्याजाणाऱ्याला माझं कौतुक सांगायचे. मग त्यांनी टेम्पो घेतला. मी बेकरीच्या मागच्या भिंतीला टेकले ती टेकलेच. भोपळ्याच्या वेलीने माझ्या हँडलावरून वर जायचा रस्ता काढला. वाहन म्हणून नाही तरी मांडव म्हणून मी कामी येत होते, एवढंच समाधान.

तिथून मला सोडवलं ते शेजारच्या सासूबाईंनी. त्या नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या. त्यांनी जन्मभर शाळेची बस चालवली होती. आता घरात बसून त्यांचे पाय नुसते शिवशिवत. जेवताना वळण आलं की त्या ताटासकट वळतात, असं त्यांचा मुलगा सांगायचा. मुलगा घड्याळं दुरुस्त करतो. आईने त्याला माझ्या मागच्या सीटवर बसवून गल्लीत एक फेरी मारली. उतरल्यावर तो म्हणाला, की ज्या वाहनात बसून काम करता येत नाही ते वाहन त्याला मान्य नाही. मग सून पुढे आली. ती रक्त तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते, अतिशय टापटिपीची. तिला सायकल चालवता येत नव्हती, पण मागच्या सीटवर तोल सांभाळायचा नसतो, फक्त पाय मारायचे असतात. ती बसली आणि दोघींची जोडी जमली.

आता माझ्या शरीररचनेतली एक गोष्ट समजून घ्या, कारण पुढचं सगळं रामायण तिच्यावर उभं आहे. मला ब्रेक तीन आहेत. दोन पुढे, सासूबाईंच्या हातात. तिसरा मागच्या चाकाच्या आत आहे आणि त्याची दांडी मागच्या हँडलावर, सुनेपाशी. लांब उतार लागला की तो थोडासा लावून ठेवायचा, म्हणजे वेग आवरतो. इतर ब्रेक सोडले की सुटतात. ही दांडी तशी नाही. ती जिथे ठेवाल तिथे राहते.

दोघींनी समुद्रापर्यंत जाऊन यायचं ठरवलं. जाताना काय मजा होती! सासूबाई प्रत्येक वळणाआधी हात बाहेर काढून मागच्या रिकाम्या रस्त्याला इशारा करत. नदीचा पूल लागला तेव्हा त्या म्हणाल्या, की पुढच्या खेपेला समुद्राकडे नाही, उलट जायचं, या नदीच्या उगमापर्यंत. समुद्रावर पोचल्यावर पाण्याकडे पाठ करून दोघी नकाशात उगम शोधत बसल्या. मी मनात म्हटलं, आधी हा प्रवास तर पुरा करा.

परतीच्या वाटेवर पावसाची एक सर आली आणि सुनेचे मोजे भिजले. ओले मोजे पिशवीत कोंबणं तिच्या तत्त्वात बसत नव्हतं. तिने ते मागच्या हँडलावर वाळत घातले आणि वाऱ्याने उडू नयेत म्हणून केसांचा रबर काढून त्यांच्यावर तीन वेढे घट्ट दिले. मोजे बांधले गेले. त्यांच्याखालची तिसऱ्या ब्रेकची दांडीही हँडलाला आवळली गेली. आणि माझ्या मागच्या चाकाचा गळा कुणीतरी हळूच धरला.

मी ओरडले नाही, कारण मला घंटी आहे, आवाज नाही. आणि घंटी सासूबाईंच्या ताब्यात होती.

पुढे घाट होता. एरवी सासूबाई घाटात बसचे किस्से सांगत. त्या दिवशी पहिल्याच चढाला त्यांचा किस्सा अर्ध्यात थांबला. त्यांना वाटलं, माझे पाय गेले. मागे सुनेला वाटलं, मीच कमी पडतेय. कुणालाही वाटलं नाही की आधी सायकल पाहावी.

"दमलीस का गं?" सासूबाईंनी विचारलं.

"छे, आई. तुम्ही?"

"मी? छे."

अशी 'छे'ची देवाणघेवाण माथ्यापर्यंत चालली. दोघी एकमेकींना कळू नये म्हणून आणखी जोर लावत होत्या आणि तो सगळा जोर माझ्या चाकात उष्णता होऊन बसत होता. माथ्यावर सासूबाई मागच्या चाकाला हात लावून म्हणाल्या, "हीसुद्धा तापली बिचारी उन्हात." ऊन नव्हतं, मित्रांनो. ढग होते.

मी पुष्कळ सासवा-सुना पाहिल्या आहेत. बेकरीच्या भिंतीपाशी त्यांचं सगळं ऐकू येतं. दुसऱ्या कुठल्याही दोघी असत्या तर पहिल्याच वळणावर एक म्हणाली असती, तू नुसती बसून आहेस. दुसरी म्हणाली असती, तुम्हीच ब्रेक धरलाय. दोघी तणतणत उतरल्या असत्या आणि मोज्यांचं बिंग फुटलं असतं. माझ्या नशिबी नेमक्या एकमेकींना जपणाऱ्या आल्या.

घरी पोचलो तेव्हा मुलाने आमचा फोटो काढला. त्यात त्याचं बोट छान आलं आहे. सुनेने वाळलेले मोजे सोडून घेतले. दांडी मात्र होती तिथेच राहिली. मुलगा मला ढकलत पडवीत नेताना धापा टाकू लागला आणि म्हणाला, "हिलाही थकवलंत तुम्ही."

सासूबाई हसल्या नाहीत. जेवण झाल्यावर त्यांनी जाहीर केलं, की झाली तेवढी हौस पुष्कळ झाली, सायकल विकून टाकू. उगमाचा नकाशा त्यांनी घडी घालून स्वयंपाकघरातल्या डुगडुगत्या कपाटाच्या पायाखाली सरकवला. कपाट स्थिर झालं. सुनेने काही विचारलं नाही. आपल्यामुळेच आईंचा हिरमोड झाला, असं धरून ती प्रयोगशाळेचे जिने रोज दोनदा चढू लागली. आणि मी पडवीत उभी राहून भोपळ्याच्या वेलीची स्वप्नं पाहू लागले. वाईट स्वप्नं.

मला बघायला एक नवराबायको आले. लग्न नवं होतं, पण भांडणाचा सराव जुना दिसत होता. बायको पुढे बसली, नवरा मागे. सासूबाई आणि सून दारात उभ्या राहिल्या. मी फाटकापर्यंतही पोचले नसेन.

"पाय मारतोयस की नुसता मिरवतोयस?" बायको म्हणाली.

"मीच मारतोय. तू आधी ब्रेक सोड."

"मी धरलेलाच नाही."

"मग काय, माझ्या आईने धरलाय?"

पुढचं सांगत नाही, तुम्ही लहान आहात. पण उतरल्या उतरल्या दोघांनी आपलंच खरं करायला मला मागून उचललं आणि चाक फिरवलं. चाक अर्धा फेरा फिरून थांबलं. नवऱ्याने इकडेतिकडे पाहिलं, दांडी दिसली, मागे केली. बायकोने पुन्हा चाक फिरवलं आणि ते फिरतच राहिलं. समुद्राच्या वाऱ्यातसुद्धा मला इतकं हलकं वाटलं नव्हतं.

सासूबाई पायऱ्या उतरून जवळ आल्या. त्या चाक थांबेपर्यंत थांबल्या.

"ही दांडी कधीपासून अशी आहे?"

सुनेने दांडीकडे पाहिलं. मग हँडलाकडे. मग स्वतःच्या पायांकडे.

"आई," ती म्हणाली, "मोजे."

मला वाटलं, आता मात्र सासूबाईंच्या आतली सासू जागी होणार. पण डोळे मिटून त्या मनातल्या मनात रस्ता उलटा चालवत होत्या: फाटक, कालवा, गिरणी, उतार, माथा.

"म्हणजे तो अख्खा घाट आपण ब्रेक लावून चढलो?"

"हो, आई."

"ब्रेक लावून," सासूबाई पुन्हा म्हणाल्या आणि पदर खोचला. "मग ब्रेक सोडून मी कुठवर जाईन?"

नवराबायकोंना चहा मिळाला, मी मिळाले नाही. चहा पिताना सुनेने सासूबाईंना विचारलं, की त्यांनी घाटात एकदाही तिला का टोकलं नाही. तुला वाईट वाटेल म्हणून, त्या म्हणाल्या, आणि तू मला का नाही टोकलंस? तेच कारण. ते दोघं आळीपाळीने या दोघींकडे बघत राहिले. असलं घर त्यांनी पाहिलं नसावं.

संध्याकाळी मुलगा घरी आला तेव्हा कपाट पुन्हा डुगडुगत होतं आणि नकाशा जेवणाच्या टेबलावर पसरला होता. त्याने मुकाट्याने आपलं ताट मांडीवर घेतलं.

आता आमचा सराव चालतो. प्रत्येक चढाच्या पायथ्याशी सासूबाई ओरडतात, "पाय?" आणि मागून उत्तर येतं, "आहेत. ब्रेक?" मध्येच सून स्पष्ट सांगते, "आई, तुम्ही आळस करताय," आणि सासूबाई खूश होतात. मोज्यांसाठी सुनेने नवी जागा शोधली आहे, सासूबाईंच्या पाठीवरची पिशवी. वारा समोरून येतो, त्यामुळे वास मागेच जातो. याला मी न्याय म्हणते.

तेव्हा मित्रांनो, तुमच्याकडे सायकल असेल तर तिची साखळी पुसा, हवा बघा, तिला वेलींच्या हवाली करू नका. आणि कधी एखादा चढ चढवेना, आपले पाय गेले असं वाटलं, तर गुपचूप नकाशा कपाटाखाली सारू नका. खाली उतरा, चाक उचलून एकदा फिरवून पाहा, आणि मागे बसलेल्या माणसाला खुशाल विचारा, "तुझे मोजे कुठे आहेत?"