दोन्हीकडच्या मातीत चाललेला ट्रॅक्टर

मी एक जुना ट्रॅक्टर आहे. पॅलेस्टाईनमधल्या अल-खलीलच्या, म्हणजे हेब्रॉन शहराच्या, दक्षिणेला डोंगरउतारावर एक लहानसं गाव आहे. तिथे जौदतच्या घरामागे, पत्र्याच्या छपराखाली माझा मुक्काम असतो. माझा मूळचा निळा रंग आता टाकीच्या खालच्या बाजूला तेवढा उरला आहे आणि सीटमधला काथ्या कोंबड्यांनी उकरून नेला आहे. पण मित्रांनो, माझी कीव करू नका. मला जशी माणसं मिळाली, तशी फार थोड्या यंत्रांना मिळतात.

जहाजातून इस्रायलच्या हैफा बंदरात उतरलो तेव्हा मी कोरा करकरीत होतो. तिथून मला सखल मुलखातल्या एका किब्बुत्झमध्ये नेलं. किब्बुत्झ म्हणजे सगळ्यांची मिळून एक शेती आणि एकच भटारखाना. तिथला मेकॅनिक गिओरा माझी देखभाल करायचा. त्याचे आईवडील पोलंडहून जीव वाचवून आलेले यहुदी. मागे राहिलेल्या नातलगांपैकी एकही वाचला नव्हता. पेरणीच्या दिवसांत तो मला मध्येच थांबवायचा, खाली उतरून ओंजळीत माती घ्यायचा आणि म्हणायचा, "हिच्याशिवाय आम्हाला कुणी दार उघडलं नाही रे."

त्याच शेताच्या कडेला निवडुंगाचं कुंपण होतं. कितीही उपटलं तरी ते पुन्हा फुटायचं. नांगराच्या फाळाला घराच्या पायाचे दगड लागायचे. तिथे पूर्वी अरबांचं गाव होतं, हे गिओराला ठाऊक होतं. ते दगड तो भिरकावून देत नसे, बांधावर नीट रचून ठेवायचा.

पुढे मोठे ट्रॅक्टर आले आणि मला विकायला काढलं. घेतलं ते जौदतने. मी डोंगर चढून त्याच्या अंगणात आलो, तेव्हा त्याच्या आईने, फिद्दाने, विचारलं, "कुठून आणलास हा?"

जौदतने किब्बुत्झचं नाव सांगितलं. म्हातारी उठून माझ्याजवळ आली. आईच्या खांद्यावर बसून ती ज्या गावातून निघाली होती, ते गाव नेमकं तिथेच होतं. मग तिने माझ्या बॉनेटवर हात ठेवला. "म्हणजे तू माझ्या बापाच्या रानात राबलास. ये बाबा, घरचाच आहेस."

इथेही मी खूप राबलो. जव पेरले, पाण्याच्या टाक्या ओढल्या, नवरीची वरातही नेली. गिओराचं आणि जौदतचं फोनवर बोलणं चालायचं, पण ते माझ्या सुट्या भागांपुरतं.

मग वरच्या शेताशेजारच्या टेकडीवर यहुदी वसाहतवाल्यांची घरं आली. चाकांवरची, पांढरी घरं. शेतात जायला जौदतला इस्रायली लष्कराने बंदी केली. जमीन वर्षानुवर्षं पडीक राहिली, की ती सरकारजमा होऊ शकते. फिद्दाच्या सासऱ्याने दगड वेचून तयार केलेलं ते रान होतं. कोर्टात बरंच झगडल्यावर नांगरणीसाठी एक दिवस मिळाला. मावळतीपर्यंत जेवढं होईल तेवढं.

आणि ऐन त्या दिवशी, अर्ध्या शेतात, माझा डिझेल पंप बसला.

मला किती लाज वाटली म्हणून सांगू! जौदतने गिओराला फोन लावला. तो काही विचारत बसला नाही, नुसतं म्हणाला, "निघालोच."

दुपारी त्याची गाडी टेकडीखाली आली. तिथे वसाहतीतला नेतानेल उभा होता, दाढीवाला, तरणाबांड.

"आजोबा, तुम्ही आपले ना? मग कुणाच्या बाजूने आलात?"

"पंपाच्या," गिओरा म्हणाला. "सर जरा, जड आहे."

"या डोंगरात आपले पूर्वज मेंढ्या चारत होते. हे तुम्ही विसरलात का?"

"नाही विसरलो. पण त्यांच्या मेंढ्यांनी जौदतचं शेत खाल्लेलं कुठे वाचलं नाही मी."

नेतानेल हसला नाही. "खालच्या रस्त्यावर माझ्या मित्राला गोळ्या घातल्या यांच्यातल्याच कुणीतरी. त्याची मुलगी आमच्याकडेच असते."

गिओरा थांबला. त्याने नेतानेलच्या खांद्यावर हात ठेवला. मग पंप उचलून वर आला.

तो माझ्याखाली पाठीवर आडवा झाला आणि फिद्दा चहाची किटली घेऊन शेजारी दगडावर बसली.

"आमची विहीर आहे का अजून?" तिने विचारलं.

"आहे. पाणी नाही, पण बुजवू दिली नाही मी."

"मी गाव परत मागितलं तर देशील?"

गिओराच्या हातातला पाना थांबला. जौदत म्हणाला, "आई, आत्ता कशाला? त्यांना काम करू दे."

"नाही देणार, जौदतच्या आई," गिओरा खालून म्हणाला. "मला जायला दुसरी जागा नाही. माझी मुलं तिथेच जन्मली."

"आम्हाला हाकललं होतं तिथून."

"माहीत आहे. ते खोटं आहे असं मी कधीच म्हणणार नाही."

"मी माझा हक्क सोडणार नाही बरं का."

"सोडू नका."

"मग करायचं काय?"

"ते मलाही कळत नाही. एवढ्यात हा पंप तर बसवू."

फिद्दाने डोक्यावरच्या रुमालाच्या टोकाने डोळे टिपले आणि चहाचा पेला बॉनेटखाली सरकवला. "साखर जास्त घातली आहे. पी. एवढं खरं माझ्याशी कुणी बोललं नव्हतं."

मी पहिल्याच फटक्यात सुरू झालो. ऊन कलत आलं होतं, म्हणून जौदतने मला दामटलं. शेवटचा पट्टा राहिला, तेव्हा समोर पाण्याचा नळ आडवा आला. टेकडीवरच्या घरांना पाणी नेणारा तो काळा रबरी नळ जौदतच्याच जमिनीतून गेलेला होता. नुसता फाळ खाली ठेवला असता, तरी त्याचे दोन तुकडे झाले असते. जौदतचा हात दांड्यावर होता, पण तो फाळ उचलत नव्हता. एवढ्या वर्षांचा राग त्या हातात होता.

"थांब!" फिद्दा बांधावरून ओरडली. "पाणी तोडायचं नाही! वर लेकरं आहेत."

जौदतने मला थांबवलं. मग नेतानेल शेतात उतरला. त्याने तो नळ दोन्ही हातांनी डोक्याच्या वर उचलून धरला आणि मान दुसरीकडे वळवली. त्याच्या हातांखालून मी हळूहळू पलीकडे गेलो. त्याने चहा घेतला नाही, कुणाचा निरोपही घेतला नाही. टेकडीवरची घरं हलली नाहीत. पण त्या वर्षी वरच्या शेतात जव उगवले आणि शेत जौदतचं राहिलं.

त्यानंतर मोठं युद्ध पेटलं. रस्ते बंद झाले, वरच्या शेतात जायची परवानगीही थांबली. पहिल्याच दिवशी, गाझातून झालेल्या हल्ल्यात, गिओराचा नातू मारला गेला. पुढे गाझात फिद्दाच्या बहिणीचं घर इस्रायलच्या बॉम्बने कोसळलं. आतलं कुणी वाचलं नाही.

एका सकाळी फिद्दा जौदतचा फोन घेऊन माझ्या छपराखाली आली. घरात तिला कुणासमोर बोलायचं नव्हतं.

"नातवाचं कळलं," ती म्हणाली.

"बहिणीचं मलाही कळलं," पलीकडून गिओराचा आवाज आला.

"मला तुझा राग येतोय आज."

"मलाही तुमचा येतोय."

फिद्दा माझ्या पुढच्या चाकाला टेकून खाली बसली.

"फोन ठेवू नकोस," फिद्दा म्हणाली.

"नाही ठेवत."

मित्रांनो, काम नसलं तरी जौदत दर शुक्रवारी माझं इंजिन थोडा वेळ चालू ठेवतो. नुसतं उभं राहिलं की लोखंड आतून गंजून जाम होतं, मग ते कुणालाच सोडवता येत नाही. तुमचंही कुणाशी भांडण असेल, अगदी खरं आणि मोठं भांडण असेल, तर ते खुशाल भांडा. पण बोलणं गंजू देऊ नका.