गोड पाण्याचा हातपंप

मी ओत्सुका-सानच्या अंगणातला हातपंप बोलतोय. खरं तर ओरडतोय, पण लोकांना ती दांड्याची कुरकुर वाटते आणि ते मला तेल घालतात.

जपानमधल्या त्सुकुबा शहराच्या कडेला, कांद्याच्या शेतांमध्ये आमची बारा घरांची वस्ती. माझी विहीर ओत्सुका-सानच्या वडिलांनी स्वतः खणली. पाणी गार, नितळ, गोड, असं अख्खी वस्ती म्हणायची. चाळीस वर्षं मी त्या कौतुकावर फुगून बसलो होतो.

मागच्या घरात पुण्याचे विश्वनाथ आणि प्रभावती भाड्याने राहायला आले. तो इथल्या संशोधन संस्थेत नोकरीला. १९९३च्या मार्चमध्ये त्यांना मुलगी झाली, अनया. प्रभावती पुण्यात वाढलेली, पाण्याबाबत भारी काळजी घेणारी. माझं पाणी वीस मिनिटं खळखळ उकळल्याशिवाय बाटलीत दुधाची पावडर कालवायची नाही. तीन महिन्यांची पोर एके दिवशी निळी पडली.

"अहो, मी तर उकळून देत होते!" प्रभावती नवऱ्यापुढे ढसाढसा रडली. शेतातलं खत झिरपून माझ्या पाण्यात उतरलं होतं. मोठ्यांना ते जाणवत नाही, तान्ह्यांना मात्र घातक. उकळून ते जात नाही, उलट पाणी आटून त्याचं प्रमाण वाढतं, असं डॉक्टरांनी सांगितलं. अनया वाचली. मला मात्र स्वतःचीच शिसारी आली.

नगरपालिकेने मार्ग सुचवला. बाराही घरांनी मिळून पाणी संघ स्थापायचा, दरमहा वर्गणी काढायची, मग मोठ्या रस्त्यावरची पाइपलाइन वस्तीत येईल. पण अर्जावर बाराच्या बारा घरांचे शिक्के हवेत, इथे सहीऐवजी शिक्काच मारतात, तेही सप्टेंबरअखेर. प्रभावती पोरीला पाठीशी बांधून दारोदार फिरली. अकरा शिक्के झाले.

ओत्सुका-सान अडले. चूक त्यांच्या एकट्याची नव्हती. बैठकीत त्यांच्या तोंडावर पाणी वाईट आहे असं कुणी म्हणेचना! वडिलांच्या विहिरीला नावं कशी ठेवायची? सगळे आपले 'सोय होईल, सोय होईल' म्हणत राहिले. "मला सोय नको," म्हणून म्हातारा उठून गेला.

शेवटच्या दिवशी प्रभावती अनयाला घेऊन अंगणात आली आणि स्पष्टच बोलली. "ओत्सुका-सान, तुमच्या विहिरीच्या पाण्याने माझी मुलगी मरता मरता वाचली."

त्यांनी रागारागाने माझा दांडा हलवला, पेला भरून घटाघटा प्यायले. "जन्मभर हेच पितोय. मला काय झालं?"

तिने रिकामी बाटली पुढे केली. "मग हिला तुमच्या हाताने पाजा."

त्यांनी बाटली भरली. मी आतून गयावया करत होतो, पण दांडा हलला की मला पाणी द्यावंच लागतं. अनयाने तोंड उघडलं. बाटली तिच्या ओठांपर्यंत गेली आणि तिथेच थांबली. म्हाताऱ्याने ती मातीत उपडी केली. मग ते घरातून शिक्का घेऊन आले.

"कुठे मारायचा?" त्यांनी विचारलं.

संघ झाला. पण पाइप यायला पुढचा वसंत उजाडेल, तोवर मी उभाच. परवा कुणाकडची पाहुणी कडेवर तान्हं घेऊन आली, ओंजळभर प्यायली आणि "काय गोड पाणी!" म्हणत बाटली भरायला लागली. ओत्सुका-सान धावत आले म्हणून निभावलं.

ते घरी नसले तर? कुणीतरी माझा दांडा दोरीने करकचून बांधा हो. मला नाही म्हणता येत नाही.