भावोजींची युक्ती

भावोजींना पुन्हा मासा लागला, आणि भिंगरीने आपल्या गळाला टोचलेल्या रबरी माशाला एक सणसणीत शिवी हासडली. बिचाऱ्या रबराचा काय दोष! त्याच पाकिटातला, त्याच रंगाचा मासा भावोजींच्याही गळाला होता. दोघांच्या मध्ये चार पावलांचं अंतर. पाणी तेच, ओहोटी तीच, पुलाचा खांब तोच. तरी मासे मात्र सगळं आधीच ठरवून आल्यासारखे एकजात भावोजींकडे.

"चांगला वजनदार आहे," भावोजी म्हणाले. "गळ तू काढतोस का रे? मला कंटाळा आलाय."

कंटाळा! मासे सोडवून सोडवून माणसाला कंटाळा येतो, हे वाक्य भिंगरीच्या जिव्हारी लागलं. त्याला स्वतःला गेल्या कित्येक रविवारांत गाळ, शेवाळ आणि एकदा कुणाची तरी चप्पल यापलीकडे काही लागलं नव्हतं. तरी त्याने मुकाट्याने गळ काढला, मासा पिशवीत टाकला आणि पुन्हा आपल्या जागेवर आला. आला म्हणजे काय, आला, सरकला, दगड बदलला, परत आला.

भिंगरी हे नाव ताईने ठेवलेलं. पायाला भिंगरी लावल्यासारखा घरभर फिरायचा म्हणून. पुढे मिशा आल्या, त्या पिकल्या, लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत तो मोठा मिस्त्री झाला, पण नाव सुटलं नाही, आणि खरं सांगायचं तर सवयही सुटली नाही. जेवता जेवता तो उठून पंखा कमी करायचा, बसायचा, पुन्हा उठून वाढवायचा. सिनेमाला गेला की मध्येच गाडीला कुलूप आहे ना ते बघून यायचा. बंद पडायला आलेल्या लिफ्टच्या मशीनवर मात्र तो तळहात ठेवायचा आणि नुसत्या थरथरीवरून सांगायचा, कुठलं बेअरिंग गेलंय. तेवढा वेळ काय तो स्वस्थ.

अशा माणसाला आमिष लावून पाण्याकडे बघत बसणं जमणार होतं थोडंच! म्हणून त्याने रबरी माशांचा नाद लावून घेतला. बोटाएवढा मऊ मासा, कागदासारखी पातळ शेपटी, पोटातून गळ ओवायचा, डोक्याशी शिशाचा मणी. नदी खाडीला मिळते तिथे फेकायचा, तळाला टेकू द्यायचा, मनगटाने उडवायचा, पुन्हा पडू द्यायचा. सतत काहीतरी करायला मिळतं. आणि एकटं काही करायचा स्वभाव नसल्याने त्याने ताईच्या नवऱ्यालाही यात ओढलं. भावोजींचं चष्म्यांचं दुकान. मोहरीएवढे स्क्रू बसवणारा शांत माणूस. गाठी मारायला भिंगरीनेच शिकवल्या, आणि भावोजी त्या गुरूपेक्षा सुबक मारायला लागले.

दोघांमध्ये एक गोष्ट न बोलता ठरलेली होती. पाण्यावर लपवाछपवी नाही. चांगली जागा सापडली, सांगायची. नवा रंग चालला, अर्धं पाकीट द्यायचं. ते हळूहळू पाण्यापुरतं राहिलं नाही. दुकान बुडायला आलं तेव्हा भावोजींनी ते ताईच्या आधी भिंगरीला सांगितलं होतं. भिंगरीच्या बायकोचं ऑपरेशन होतं तेव्हा तो घरी हसतमुख राहिला आणि इथे, या पुलाखाली, भावोजींसमोर ढसाढसा रडला.

म्हणून तर हे इतकं लागत होतं. मासे न लागण्याचं दुःख होतंच, नाही कशाला म्हणायचं. पण भावोजी काहीतरी लपवत होते, आणि ते त्याच्यापासून लपवत होते. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

पुरावे काय थोडे होते? पूर्वी भावोजी गळ इथे, दगडावर बसून, गप्पा मारत ओवायचे. आता येतानाच डबीत सगळं तयार. मासे ओवलेले, पुढे हातभर दोरा बांधलेला, टोकाला कडी. रॉडच्या दोऱ्याला ती कडी अडकवली की झालं, आणि तेवढंही ते पाठ फिरवून करायचे. रॉड हातात नसली की उजवा हात जॅकेटच्या खिशात. चहा डाव्या हाताने, तोही अर्धाच कप. गाडी चालवणंही सोडलेलं. "तूच चालव, मला बाहेर बघायला आवडतं," म्हणे. माणूस मनातल्या मनात डावपेच आखत असला की असाच बाहेर बघतो, हे भिंगरीने ओळखलं.

त्याने भावोजींसारखीच रॉड घेतली, तसलाच दोरा भरला. एकदा तर काहीतरी निमित्त काढून जागा बदलून घेतली. मासेही जागा बदलून भावोजींकडे गेले. सामान विकणारा दुकानदार म्हणाला, "आता भावोजीच बदलून बघा." भिंगरीला त्याचं अजिबात हसू आलं नाही. रात्री अंथरुणात तो मनगट उडवायला लागला, तेव्हा बायकोने उशी उचलली आणि मुलीच्या खोलीत जाऊन झोपली.

त्या रविवारी मात्र त्याने ठरवलं. "गाडीत पाकीट राहिलं," असं सांगून तो काठ चढून वर गेला आणि गाडीकडे न जाता पुलावर आला. कठड्याला पोट टेकून खाली पाहिलं. भावोजी नेमके त्याच्या पायाखाली. सकाळचं तिरपं ऊन रॉडच्या टोकावर पडलेलं.

आणि त्याला दिसलं.

टोक हलत होतं. भावोजी मनगट उडवत नव्हते, काहीच करत नव्हते, नुसते उभे होते, आणि टोक बारीक बारीक, न थांबता, एका लयीत हलत होतं. म्हणजे तिकडे तळाशी तो रबरी मासा जागच्या जागी शहारत असणार. मोठ्या माशाला वाटत असणार, पिल्लू आहे, दमलंय, घाबरलंय. भिंगरी उड्या मारत होता, भावोजी थरथरवत होते! काय डोकं! काय हाताची कमाल! एवढी बारीक हालचाल, आणि तीही इतका वेळ? आनंदाने त्याने कठड्यावर मूठ आपटली. मग लगेच राग आला. एवढी साधी युक्ती, आणि मला सांगितली नाही.

खाली येऊन तो काही बोलला नाही. पण घरी गेल्यापासून जे सुरू झालं, ते विचारू नका. झाडूचा दांडा, पट्टी, टीव्हीचा रिमोट, हातात येईल ते धरून तो थरथरवायचा. जमेना. थोडा वेळ चालायचं, मग मनगटात कळ यायची. भावोजी हे तासन् तास करतात कसे?

दुसऱ्या दिवशी काम संपवून तो तडक ताईकडे गेला. भावोजी दुकानातून यायचे होते. दार उघडंच. ताई स्वयंपाकघरातल्या टेबलाशी चष्मा नाकावर ओढून बसलेली, समोर भावोजींची डबी. एका हातात रबरी मासा, दुसऱ्या हातात गळ. ती ओवत होती.

"अस्सं!" भिंगरी दारातूनच ओरडला. "म्हणजे तूही त्यांना सामील!"

ताई दचकली. तिने पटकन डबी झाकली. "तू कधी आलास?"

"झाकू नकोस, झाकू नकोस. मला सगळं कळलंय."

ताईचा चेहरा उतरला. "काय कळलंय?"

"त्यांची युक्ती!" ओट्यावरचा लाकडी चमचा त्याने उचलला, रॉडसारखा धरला आणि हात थरथरवायला लागला. "हे बघ. असं. बरोबर ना? पुलावरून बघितलं मी. तुझा नवरा महा बिलंदर. मी आपला उड्या मारतोय आणि हे आपले उभ्या उभ्या असं, असं, असं..." आज त्याला छान जमत होतं. तो हसत होता, कौतुकाची वाट बघत होता.

ताई उठली. तिने त्याच्या हातातला चमचा हिसकावून घेतला.

"नक्कल करतोस त्यांची?" तिचा आवाज फुटला. "लाज नाही वाटत? तुझे भावोजी आहेत ते!"

भिंगरीचा हात तसाच हवेत राहिला. ताई खुर्चीत बसली आणि पदर तोंडाला लावून रडायला लागली. तेव्हा कुठे, सगळ्या मशीनची दुखणी तळहाताने ओळखणाऱ्या या शहाण्याच्या डोक्यात प्रकाश पडला. अर्धा कप चहा. खिशातला हात. गाडी.

"ताई," तो म्हणाला. "मला खरंच माहीत नव्हतं गं."

"कंपवात आहे," ताई म्हणाली. "हळूहळू वाढणार म्हणालेत डॉक्टर. दुकानात स्क्रू आता मीच बसवते. गिऱ्हाइकाला वाटतं, साहेब आरामात गप्पा मारतायत."

"आणि मला नाही सांगितलं? मला?" डोळे भरून आले तरी त्याचा पहिला प्रश्न हाच होता. माणूस असाच असतो.

"तुला सांगून काय झालं असतं? तू दहा डॉक्टर शोधले असतेस. बारा जणांना विचारलं असतंस. पाण्यावर त्यांच्या पुढेमागे नाचला असतास, हे मी धरतो, ते मी बांधतो. तुझे भावोजी म्हणाले, घरात, दवाखान्यात सगळे आता माझ्या हाताकडे बघतात. एक भिंगरी आहे, तो अजून माझ्या माशांवर जळतो. तेवढं राहू दे."

भिंगरी खाली बसला. मग उठला. मग पुन्हा बसला.

"त्यांना कळू देऊ नकोस तुला कळलंय ते," ताई म्हणाली. "माझी शपथ आहे. आणि रविवारी चुकवायचं नाही. तोंड असं करून तर मुळीच जायचं नाही."

तो आठवडा त्याचा कसा गेला ते त्यालाच ठाऊक. ज्याच्या पोटात साधी लिफ्ट बंद पडल्याची बातमी राहत नाही, त्याने हे ठेवायचं. बायकोला सांगावंसं वाटे, ताईची शपथ आठवे. मशीनवर हात ठेवला की आतली थरथर तळहातातून वर यायची आणि तो हात काढून घ्यायचा. दोनदा त्याचं निदान चुकलं. कंपनीत लोक म्हणाले, मिस्त्रींना बरं नाही.

रविवार आला. गाडी भिंगरीने चालवली. भावोजी बाहेर बघत होते. पाणी उतरायला लागलं होतं, खांबाभोवती भोवरे फिरत होते. त्याने मनात सगळं घोकून ठेवलं होतं. जळायचं. शिव्या द्यायच्या. हाताकडे बघायचं नाही.

पण त्या दिवशी पाण्यात दातरे फुगे मासे आले होते. ही जात गळाला लागत नाही, नुसती रबरी शेपट्या कुरतडते. भावोजींचा एक मासा बिनशेपटीचा वर आला. दुसराही. तिसरा खांबाच्या खडकात अडकला आणि दोरा तुटला. बघता बघता डबी रिकामी झाली.

भावोजी पाठ फिरवून दगडावर बसले. पाकीट दातांनी फोडलं. एक सुटा गळ काढला.

भिंगरीला सगळं दिसत होतं, न बघताही. गळाचं टोक रबराच्या नाकाशी जात होतं आणि निसटत होतं. पुन्हा जात होतं. मासा खाली पडला. भावोजींनी तो उचलला, विजारीला पुसला. पुन्हा. भिंगरीचे पाय जमिनीत रोवल्यासारखे झाले. जाऊ नकोस, तो स्वतःला सांगत होता, जाऊ नकोस, मेल्या, त्यांना आवडणार नाही. त्याने रॉड घट्ट धरली. मनगट उडवलं नाही, दगड बदलला नाही, डोकंही खाजवलं नाही. एवढं कष्टाचं काम त्याने जन्मात केलं नव्हतं.

मागून गळ ओवण्याची खुडबुड थांबली.

"ताईने सांगितलं वाटतं," भावोजी म्हणाले.

"काय? कुठे काय?" भिंगरी पाण्याकडेच बघत राहिला. "सांगायचं काय त्यात?"

"मघापासून तू एका जागी उभा आहेस."

भिंगरीने तोंड उघडलं. त्याला एकही शिवी आठवेना. आठवडाभर घोकलेलं सगळं वाहून गेलं आणि तो लहान पोरासारखा रडायला लागला.

"मला वाटलं, युक्ती आहे," तो म्हणाला. "मला वाटलं, माझ्यापासून युक्ती लपवताय."

भावोजी खांदे हलेपर्यंत हसले. "झाडूने सराव करत होतास म्हणे? तुझ्या बायकोने ताईला फोनवर सांगितलं."

"जमत नाही हो. मनगट दुखतं."

"मला विचार," भावोजी म्हणाले. हसता हसता त्यांचेही डोळे भरले होते. त्यांनी गळ आणि रबरी मासा त्याच्यापुढे धरला. "घे. ओव. नाहीतरी जीव चाललाय तुझा मघापासून."

भिंगरीने घेतला. गळाचं टोक रबराच्या नाकाशी नेलं. ते निसटलं. पुन्हा नेलं, अंगठ्यात घुसलं. त्याचे स्वतःचे हात लटलट कापत होते.

भावोजी त्या हातांकडे बघत राहिले.

"तो राहू दे," ते म्हणाले. "आधी तुझी रॉड घे आणि गळ टाक पाण्यात. हात असा आहे तोवर टाकून घे."

भिंगरीने शर्टाच्या बाहीने नाक पुसलं आणि गळ टाकला. मासा तळाला टेकला. त्याने मनगट उडवलं नाही. रॉडचं टोक उन्हात बारीक बारीक हलत होतं. भावोजी उठून त्याच्या शेजारी येऊन उभे राहिले, आणि त्यांनी उजवा हात खिशात घातला नाही.