निकष क्रमांक चार

दिनानाथ राऊत यांचा आयुष्यभर मोजमापावर विश्वास होता. तारापूरहून रसायनशास्त्रज्ञ म्हणून निवृत्त झाल्यावर ते बोईसरच्या एका संस्थेत गेले, तेही एका अटीवर: गरिबी कुणाच्या डोळ्यांतल्या पाण्यावरून ठरवायची नाही. मदतीस पात्र घरे ठरवायला त्यांनी सात निकष लिहिले. चौथा होता, घरात फ्रिज असल्यास कुटुंब अपात्र.

मासवणजवळच्या पाड्यावर वाटप चालू होते. पात्र घराला मोगऱ्याची रोपे आणि ठिबकच्या नळ्या मिळत. उन्हाळ्यात फुले विकून घर चालावे आणि दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाणे टळावे, हा हेतू. यादी संपली तेव्हा ठकी पुढे आली.

"सायेब, माजं नाव नाय."

"तुमच्या घरी फ्रिज आहे, ठकीबाई. फोटो पाहूनच मी सही केली."

रांगेत हशा पिकला. तिचा नवरा गोमा म्हणाला, "हाय ना! चला सायेब, बरफ खायाला."

फ्रिज कुडाच्या भिंतीला टेकून उभा होता. वायर नव्हती. बाजूला चिकटवलेल्या पट्टीवर सुबक अक्षरात लिहिले होते, 'स्टॅबिलायझरशिवाय लावू नये.' अक्षर दिनानाथांचे होते. तीन वर्षांपूर्वी गोमा त्यांच्या बागेत कामाला होता. भंगारवाला फुकटही नेईना, तेव्हा त्यांनी हा बंद फ्रिज त्याला दिला होता आणि त्या संध्याकाळी पत्नीला स्वतःचे औदार्य दोनदा ऐकवले होते.

ठकीने दार उघडले. खाली न कांडलेला भात, वर नागली, दारातल्या कप्प्यात रेशनकार्ड.

"उंदीर शिरत नाय," ती म्हणाली.

दिनानाथांच्या कानांच्या पाळ्या तापल्या. पुढे ते जे बोलले, त्याची लाज त्यांना नंतर सर्वांत अधिक वाटली.

"मी हा परत नेतो. म्हणजे तुम्ही पात्र ठराल."

"नि भात कुटं ठेवू? तुमच्या कागदात?"

ते टेबलाशी परतले. राखीव रोपे ठकीच्या नावे लिहून शेऱ्यात त्यांनी नोंदवले, 'तांत्रिक त्रुटीमुळे वगळले गेले.' ठकी सातवी शिकलेली. तिने ते सगळ्यांसमोर अक्षर लावत वाचले.

"तांत्रिक म्हंजे कुणाची चूक, सायेब?"

त्यांनी ओळ खोडली. खाली लिहिले, 'चूक माझी. दिनानाथ राऊत.' ठकीने तेही वाचले, मोठ्याने. या वेळी कुणी हसले नाही. हसले असते तर त्यांना सोपे गेले असते.

रोपे ठकीच्या टोपलीत गेली. चौथ्या निकषाने आणखी तीन घरे गळली होती. त्यांचेही फोटोच पाहिले होते.

"मंगळीकडं पयले चला," गोमा म्हणाला. "तिचा फ्रिज गरम हाय. कोंबडी बसलीय त्यात अंड्यांवर."

दिनानाथांनी पेन खिशाला लावले आणि मान खाली घालून त्याच्यामागे चिखलात उतरले. लिहायचे ते पाहून झाल्यावर.